ग्रामपंचायतीवर नव्याने निवडून आलात? पहिल्या वर्षात काय करायचे, कोणत्या क्रमाने

गुलाल उतरला, हारतुरे झाले, की काही दिवसांनी ग्रामपंचायतीचा शिपाई एक कागद घेऊन दारात येतो. पोच म्हणून सही घेतो आणि पुढच्या सदस्याकडे जातो. तो कागद म्हणजे सभेचा अजेंडा. बहुतेक नवे सदस्य सही करून तो खिशात घालतात आणि सभेला गेल्यावर पहिल्यांदा वाचतात. तुम्ही मात्र तो घरीच, शांतपणे, दोनदा वाचा.

हा लेख पहिल्यांदाच निवडून आलेल्या सदस्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात आजवर कोणी पंचायतीची पायरी चढलेली नाही, राखीव जागेवरून ज्या बायाबापड्या पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसणार आहेत, त्यांच्यासाठी तर नक्कीच. महाराष्ट्रात पंचायतींमधल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. निवडणूक जिंकायची कशी हे गावात सगळे शिकवतात. पुढची पाच वर्षे कारभार कसा वाचायचा, हे फारसे कोणी सांगत नाही. सदस्याला एकट्याने कोणताही आदेश काढता येत नाही. त्याचा सगळा अधिकार सभेत बोललेल्या, इतिवृत्तात म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत उतरलेल्या आणि दप्तरात सापडणाऱ्या शब्दांत असतो. म्हणून पुढे जागोजागी कागदाचीच गोष्ट येईल.

आधी स्वतःची जागा पक्की करा

गावाचे काम हाती घेण्याआधी आपले सदस्यत्व टिकेल ना, हे बघून घ्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम १४ मागवून वाचा. विरोधक ते वाचतातच.

निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. बिनविरोध आलात तरी द्यावा लागतो, खर्च शून्य असला तरी द्यावा लागतो. हिशेब देताना पोच घ्या आणि ती पाच वर्षे जपा. जातीनुसार राखीव जागेवर निवडून आला असाल तर जात वैधता प्रमाणपत्राची मुदत वहीत पहिल्या पानावर लिहा. जात पडताळणी समितीकडे अर्ज पडून आहे, हे कारण मुदत उलटल्यावर उपयोगी पडेलच असे नाही. पाठपुरावा तुम्हालाच करायचा आहे.

घरपट्टी आणि पाणीपट्टी भरून टाका. पंचायतीने बिल दिल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो. एकत्र कुटुंब असेल आणि घर वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल, तरी ती थकबाकी मिटवून ठेवा. घरात शौचालय हवे आणि ते वापरात हवे. दोनपेक्षा जास्त अपत्यांची अट तर अर्ज भरतानाच कळलेली असते, पण निवडून आल्यानंतर तिसरे मूल झाले तरीही ती लागू होते, हे पुष्कळांना माहीत नसते.

पुष्कळ जागा जातात त्या अतिक्रमणावरून. गायरानात गोठा, रस्त्यावर आलेला ओटा, गावठाणाच्या मोकळ्या जागेत टाकलेले पत्र्याचे शेड. सदस्याने स्वतः अतिक्रमण केले नसून वडिलांनी किंवा सासऱ्यांनी केले आणि सदस्य तिथे राहत आहे, एवढ्यानेही अपात्रता येऊ शकते. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिलेला आहे. तुमच्या घराबाबत शंका असेल तर आजच मोजणी करून घ्या.

आणखी एक. पंचायतीच्या कोणत्याही कामात तुमचा आर्थिक हितसंबंध नको. स्वतःच्या नावाने ठेका नको, भागीदारी नको, पंचायतीला आपल्या दुकानातून सिमेंट किंवा बल्ब विकणे नको. नात्यातल्या माणसाचे बिल सभेत आले तर त्या विषयावर मत देऊ नका आणि तसे इतिवृत्तात लिहायला सांगा.

कोण कोणाच्या हाताखाली

सरपंच २०२२ च्या दुरुस्तीपासून पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. त्यामुळे सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचे, ही स्थिती अनेक गावांत आहे. सरपंचावर अविश्वास आणायचे डावपेच पहिल्या महिन्यापासून शिजवू नका. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षे तो आणताच येत नाही, पुढेही तीन चतुर्थांश सदस्य आणि त्यावर ग्रामसभेची मान्यता लागते. तेवढी ताकद पाण्याच्या टाकीवर खर्च करा.

ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे २०२४ मध्ये एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव दिले आहे. गावात मात्र ‘ग्रामसेवक’ आणि ‘भाऊसाहेब’ हेच चालते. हे पंचायतीचे सचिव. ते जिल्हा परिषदेचे कर्मचारी असतात, सरपंचाचे नोकर नव्हेत आणि तुमचे तर नव्हेतच. त्यांच्यावर देखरेख पंचायत समितीचे विस्तार अधिकारी आणि गटविकास अधिकारी यांची. एकाच भाऊसाहेबांकडे दोन-तीन गावे असणे नेहमीचे आहे. म्हणून त्यांचे वार ठरवून घ्या, तो वार कार्यालयाच्या फळ्यावर लिहून घ्या. नव्या सदस्याने पहिल्याच दिवशी आवाज चढवला तर पाच वर्षे त्याला फक्त नियम ऐकायला मिळतात. भाऊसाहेबांना आदराने विचारा, पण विचारा.

पंचायतीचे बँक खाते सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या संयुक्त सहीने चालते. केंद्राच्या वित्त आयोगाच्या शिफारशीने येणारे पैसे आता धनादेशाने जात नाहीत, ते दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने ऑनलाइन वळते होतात. ती डोंगलच्या रूपात असते. सरपंचाचे डोंगल आणि त्याचा पासवर्ड सरपंचाकडेच आहे का, की ते संगणक चालवणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये कायमचे पडून आहे, हा प्रश्न पहिल्याच सभेत विचारण्यासारखा आहे. सरपंच पहिल्यांदाच आलेल्या ताई असतील तर हा प्रश्न त्यांच्याही भल्याचा आहे. पुढे वसुली निघते ती सही ज्याची त्याच्याकडून.

कार्यालयात शिपाई, पाणी सोडणारा कर्मचारी आणि आपले सरकार सेवा केंद्राचा केंद्रचालक असतो. गावाची खरी माहिती या तिघांकडे असते. कोणता व्हॉल्व्ह गळतो आणि कोणाच्या घराला दोन नळ आहेत, हे पाणीवाल्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

मासिक सभा

ग्रामपंचायतीची सभा दर महिन्याला झालीच पाहिजे. साध्या सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी मिळायला हवी, विशेष सभेची एक दिवस आधी. नोटिशीत विषय लिहिलेले हवेत. नुसते ‘मासिक सभा आहे, हजर राहावे’ असा व्हॉट्सअॅपवर निरोप आला तर लेखी अजेंडा मागा. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालवता येण्यासाठी, निम्मे सदस्य लागतात. रजा न घेता सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलात तर जागा रिकामी होऊ शकते. कामानिमित्त पुण्या-मुंबईला राहणाऱ्या तरुण सदस्यांनी हे विसरू नये.

अजेंडा साधारण असा असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे, आलेल्या अर्जांवर विचार करणे, शासकीय परिपत्रकांचे वाचन, एखाद-दोन कामांचे विषय आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’.

पहिला विषय सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. मागच्या सभेत जे ठरले तेच लिहिले गेले आहे का, हे तपासायची ही शेवटची संधी. ‘वाचले असे समजू’ म्हणून पुढे जाऊ देऊ नका. ‘भाऊसाहेब, ठराव तेवढे वाचून दाखवा’ असे हसतमुखाने म्हणा. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात. तुमचे नाव जिथे लागले आहे तिथे तुम्ही खरोखर सूचना मांडली होती ना? नवख्या सदस्याचे नाव न विचारता सूचक म्हणून घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की मग तो सदस्य म्हणतो, मला माहीतच नव्हते. तिथे हे उत्तर चालत नाही.

सही कुठे करता ते बघा. हजेरीची सही वेगळी, ठराव वाचल्यानंतरची वेगळी. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, सहीच्या वर कोरी जागा सोडलेली असेल तर तिथे रेघ मारायला लावा, मगच सही करा. शिपाई घरी वही घेऊन आला आणि ‘ताई, तेवढी सही राहिली’ म्हणाला, तर नाही म्हणा. सभेला नव्हतात तर सही नाही, इतके सोपे ठेवा. सदस्य स्त्री असेल तर तिच्या जागी नवरा, दीर किंवा मुलगा सभेत बसू शकत नाही. त्याला मताचा अधिकार नाही आणि त्याच्या बोलण्याची नोंदही होऊ शकत नाही. घरच्यांनी मदत करायचीच असेल तर अजेंडा आदल्या रात्री एकत्र बसून वाचावा. सभेत बाईंनाच बोलू द्यावे. पहिल्या दोन-तीन सभांत आवाज कापतो, नंतर कापत नाही.

मोठ्या खर्चाचा किंवा जागेचा विषय ऐनवेळच्या विषयांत आला तर स्पष्ट सांगा की हा पुढच्या महिन्याच्या अजेंड्यावर घ्या. ज्या गोष्टीचा आधी विचार करायला वेळच मिळाला नाही, तिला घाईने हात वर करू नका. तरीही बहुमताने ठराव झाला आणि तुम्हाला पटला नाही, तर ‘माझा विरोध कारणासह नोंदवा’ हे वाक्य म्हणा. कारण एका ओळीत द्या: ‘अंदाजपत्रक सभेपुढे ठेवले नाही म्हणून विरोध.’ ‘आमचा विरोध आहे’ असे ओरडून सभा सोडून गेलात तर दप्तरात उरते फक्त तुमची गैरहजेरी. समसमान मते पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत असते.

सदस्याला सभेत ठराव मांडता येतो, कारभाराबद्दल प्रश्न विचारता येतो. माझे मत विचाराल तर पहिल्या सहा महिन्यांत दर सभेत एकच लेखी प्रश्न द्यावा, पण त्याचे उत्तर मिळेपर्यंत तो सोडू नये. ‘पथदिव्यांचे मागील वर्षभराचे वीजबिल किती आले आणि किती भरले?’ असा प्रश्न दहा भाषणांपेक्षा जास्त काम करतो. स्वतःची एक वही ठेवा. तारीख, विषय, कोण काय म्हणाले, काय ठरले. पुढच्या महिन्यात इतिवृत्त वाचले जाते तेव्हा ही वही समोर उघडी ठेवा.

पैसा कुठून येतो, कुठे जातो

पंचायतीचे पैसे ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक, गावाचा स्वतःचा ग्रामनिधी: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचे भाडे. दुसरा, वरून येणारा निधी, त्यात वित्त आयोगाचा मोठा.

पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२०-२१ ते २०२५-२६ या वर्षांत, महाराष्ट्रात या निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला असे वाटप होते. त्यातही बंधित आणि अबंधित असे दोन भाग. पहिले वर्ष वगळता ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. उरलेले ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे, पण त्यातून पगार किंवा कार्यालयाचा आस्थापना खर्च करायचा नाही. पुढच्या आयोगाचे निकष लागू झाल्यावर त्याचे शासन निर्णय भाऊसाहेबांकडून मागून घ्या. मात्र बंधित म्हणजे काय आणि अबंधित म्हणजे काय, हे मनात पक्के असू द्या. ‘निधी आहे पण खर्च करता येत नाही’ या वाक्याचा अर्थ तेव्हाच कळतो.

स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. समजा गावाचे वर्षाचे स्वतःचे उत्पन्न ४ लाख आहे. मग ६० हजार, ४० हजार आणि २० हजार अशा रकमा होतात. लहान गावात त्या २० हजारांतून कोणाच्या तरी दारात तीनचाकी सायकल येऊ शकते. हा खर्च फेब्रुवारीच्या शेवटी घाईने काहीतरी खरेदी करून संपवला जातो, याचे मला फार वाईट वाटते. तुम्ही जूनमध्येच विचारा: गावातल्या दिव्यांगांची यादी झाली का, त्यांना काय हवे आहे हे त्यांना विचारले का?

हिशेब ३३ नमुन्यांत ठेवला जातो. सगळे पाठ करायची गरज नाही. नमुना १ म्हणजे अर्थसंकल्प, नमुना ५ रोकड वही, नमुना ८ कर आकारणी नोंदवही, नमुना ९ कराची मागणी आणि वसुली, नमुना १० कराची पावती. एवढे पाच ओळखता आले की सुरुवात झाली. मासिक सभेत जमाखर्चाला मंजुरी देताना रोकड वहीतली महिनाअखेरची शिल्लक आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवून बघा. आकडे जुळत नसतील तर फरकाचे कारण असते, अनेकदा साधेच असते. ते विचारण्यात अविश्वास नाही.

घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. तेव्हा प्रत्येक घराची मोजमापे नीट घेतली जातील हे बघा. पत्र्याच्या घराला स्लॅबचा दर लागू नये आणि दुमजली बंगला कौलारू म्हणून राहू नये. हरकती मागवण्याची मुदत असते, ती आपल्या वॉर्डात घरोघरी सांगा. मतदार नाराज होतील म्हणून वसुलीला हात न लावणे हे आपल्या पंचायतींचे जुने दुखणे आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना कर भरणाऱ्या कुटुंबाला पंचायतीच्या गिरणीत दळण मोफत दिले, हे उदाहरण सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तुमच्या गावाला गिरणी परवडेल किंवा नाही, पण त्यातला विचार घेण्यासारखा आहे: कर भरणाऱ्याला त्याचा मोबदला डोळ्यांनी दिसला पाहिजे. पावती मात्र जागच्या जागी, छापील नमुन्यातच. ‘पैसे ठेवा, पावती नंतर’ असे कोणी म्हणत असेल तर तिथेच थांबवा.

पाणी: रोजचे काम

रस्त्याचे भूमिपूजन वर्षातून एकदा होते. पाणी रोज सोडावे लागते, आणि गावकरी सदस्याला शिव्या देतात त्या पाण्यासाठीच. म्हणून माझा आग्रह असतो की नव्या सदस्याने पहिल्या महिन्यात एकदा पहाटे पाणीवाल्यासोबत पूर्ण फेरी मारावी. विहीर किंवा बोअर, मोटर, टाकी, मुख्य जलवाहिनी, व्हॉल्व्ह, शेवटचा नळ. पाणी चढत नाही ती वस्ती कोणती, गळती कुठे, जनावरांचा हौद कोणत्या जोडणीवर आहे, हे त्या एका फेरीत कळते. जलजीवन मिशनचा आराखडा माणशी दिवसाला ५५ लिटर धरून केलेला असतो. तुमच्या वॉर्डातल्या शेवटच्या घराला ते मिळते का?

टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करणारी क्लोरीनची भुकटी, टाकायची जबाबदारी ठरलेल्या माणसाची असते. पावडर टाकली की ती मिसळून किमान अर्धा तास जाऊ द्यावा लागतो, मगच पाणी सोडायचे. नंतर शेवटच्या नळाचे पाणी घेऊन ओटी चाचणी: दोन-चार थेंब द्रावण टाकले की पाणी पिवळसर झाले पाहिजे. न झाले तर क्लोरीन शेवटपर्यंत पोचलेले नाही. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, हा नेहमीचा दंडक. ही चाचणी शिकायला पाच मिनिटे लागतात, आशाताई किंवा आरोग्यसेवक शिकवतील. टीसीएलची पिशवी उघडी, ओलीत किंवा उन्हात राहिली तर तिची ताकद उडून जाते, मग पांढरी भुकटी टाकल्याचे समाधान तेवढे उरते. पिशवीवरची तारीख आणि ती ठेवायची जागा स्वतः बघा.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी करतो आणि पंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतो. तुमच्या गावाचे कार्ड कोणते आणि का, हे विचारा. विहिरीच्या कठड्याला भेग, बाजूला साचलेले सांडपाणी, व्हॉल्व्हच्या खड्ड्यातले गढूळ पाणी, अशी साधी कारणे त्यात लिहिलेली असतात आणि पुष्कळशी दोन-चार हजारांत दुरुस्त होतात. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती यासाठीच असते. समितीत नाव आहे पण बैठक कधी झालीच नाही, अशी अवस्था असेल तर पहिली बैठक तुम्ही लावून घ्या.

एखादे काम मंजूर झाले, पुढे काय

अंतर्गत रस्ता असो की गटार, क्रम ठरलेला आहे. काम विकास आराखड्यात हवे, त्याचे अंदाजपत्रक अभियंत्याकडून हवे, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, रकमेप्रमाणे निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, मूल्यांकन, पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी बिल. यातली एखादी पायरी गाळून बिल पुढे आले तर तिथेच हात आखडता घ्या.

अंदाजपत्रकाची प्रत मागा. त्यात लांबी, रुंदी, जाडी आणि थरांचे वर्णन असते. काम चालू असताना टेप घेऊन जा. काँक्रीट ओतायच्या आधी खालचा थर दबाई करून झाला आहे का, नंतर त्यावर दिवसेंदिवस पाणी मारले जाते का, हे बघायला अभियंता असण्याची गरज नाही. काही खटकले तर ठेकेदाराशी भांडू नका. फोटो काढा, त्याच दिवशी सरपंच आणि भाऊसाहेबांना लेखी द्या, एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. काम वाळल्यावर केलेल्या तक्रारीला फारसा अर्थ राहत नाही.

दाखले आणि उतारे

यासाठी लोक तुमच्याकडे सकाळी सातला येतील. जन्म किंवा मृत्यू जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. बाळ तालुक्याच्या दवाखान्यात जन्मले तर दाखला तिथल्या नोंदणी कार्यालयाचा, गावचा नव्हे. २१ दिवसांत नोंद झाली तर ती मोफत. त्यानंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. घरी झालेल्या मृत्यूची नोंद दुःखात राहून जाते आणि वारसाच्या वेळी कुटुंब हैराण होते. वॉर्डात कोणी गेले की तेराव्याच्या आत ‘नोंद केली का?’ एवढे विचारणे ही सदस्याने करण्यासारखी सेवा आहे. विवाह नोंदणीही पंचायतीत होते.

नमुना ८ चा उतारा घेऊन लोक त्याला मालकीचा पुरावा समजतात. ती कर आकारणीची नोंद आहे, तिने मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका भूमी अभिलेख कार्यालय देते, २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणीने त्या तयार होत आहेत. भावाभावांच्या वादात नमुना ८ ला नाव लावण्याचा ठराव तुमच्यापुढे आला तर खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसाची कागदपत्रे बघितल्याशिवाय हात वर करू नका.

ग्रामसभा

आर्थिक वर्षात किमान चार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा परंपरेने ठरून गेल्या आहेत. सात दिवस आधी नोटीस हवी, दवंडी हवी. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. गणपूर्ती नसली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. यात एक धोका आहे. पहिली सभा मुद्दाम ओस पाडायची आणि तहकूब सभेत वीस-पंचवीस माणसांत हवे ते उरकायचे, असे होऊ शकते. त्यावर उपाय एकच: आपल्या वॉर्डातून पहिल्याच सभेला माणसे आणा. तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाही, तेही ध्यानात ठेवा.

प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावरच उरकली जाते का, ते बघा. बचत गटाच्या बैठकीला जोडून ती घेतली तर बायका येतात आणि मोकळ्या बोलतात. दारूचे दुकान, अंगणवाडीचा आहार, शाळेतल्या मुलींचे स्वच्छतागृह हे विषय तिथूनच पुढे सरकतात.

आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाची कामे आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिप्पणी त्यावरच्या उत्तरांसह ठेवावी लागते. ही टिप्पणी नव्या सदस्याने मागून घ्यावीच. तुमच्याआधीच्या कारभारात नेमके कुठे चुकत गेले, याचा तो तयार अभ्यास आहे.

पुढच्या वर्षाचा विकास आराखडा, ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने आपण ओळखतो तो, याच ग्रामसभांमधून घडतो. २ ऑक्टोबरच्या आसपास त्याची मोहीम सुरू होते. आराखड्यात नसलेले काम नंतर घुसवणे अवघड, म्हणून वॉर्डातली कामे सप्टेंबरमध्येच लिहून काढा, प्राधान्याने तीनच द्या. मंजूर आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही दिसतो. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला सोबत घेऊन तुमच्या पंचायतीचे पान एकदा उघडा आणि तिथे पूर्ण दाखवलेली कामे गावात पायी जाऊन बघा.

ग्रामसभेचा ठराव किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातले हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर पंचायतींनाही तसे आवाहन केले. त्या ठरावाला कोणताही निधी लागला नव्हता. अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर केलेल्या, क्षेत्रातल्या गावांत तर तिथल्या पंचायतींसाठी असलेल्या पेसा कायद्यामुळे ग्रामसभेचे अधिकार कितीतरी मोठे आहेत, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट येतो. तुमचे गाव पेसात असेल तर २०१४ चे नियम वेगळे वाचा, त्यांना या लेखातला एक परिच्छेद पुरणार नाही.

पंचायत समितीत किंवा ‘यशदा’ या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या मार्गदर्शनाखाली नव्या सदस्यांची प्रशिक्षणे होतात. पत्र आले की जा. जेवणासाठी आणि भत्त्यासाठी लोक जातात असे म्हणणारे भेटतील, तुम्ही प्रश्न लिहून घेऊन जा. शेजारच्या गावांतले सदस्य तिथे भेटतात, त्यांचे नंबर घ्या. तुमच्या गावात अडलेला विषय त्यांनी कसा सोडवला, हे विचारायला पुढे फोन करता येतो.

आणि प्रत्येक ग्रामसभेनंतर आठवडाभरात कार्यालयात जाऊन लिहिलेले इतिवृत्त वाचा. तुमच्या वॉर्डातल्या बाईने उभे राहून जे मागितले होते, ते तिच्या नावासह त्यात आले आहे का, एवढे बघा. आले नसेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.